कैगा तिकडं, जैतापूर इकडं: गावात अणुविजेवर बैठक कशी घ्यावी

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, सासर खानापूर तालुक्यातलं, आणि मोठी नणंद दिलीय कारवार तालुक्यात, मल्लापूरला. माहेरी गेलं की जैतापूरचा अणुप्रकल्प होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं भांडणारी माणसं भेटतात. नणंदेकडं गेलं की शेजारच्या कैगा अणुवीज केंद्राच्या पगारावर घर बांधलेली माणसं. दोन्हीकडं जेवायला बसले की हा विषय निघतोच, आणि दोन्हीकडं मला "तुम्ही विज्ञानाच्या बाई ना, मग सांगा" म्हणतात. मी 31 वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं. पण जेवणाच्या पानावर कुणाला काही शिकवता येत नाही, एवढं त्यात नक्की कळलं.

निवृत्त झाल्यावर आमच्या गावात रवळनाथाच्या देवळात या विषयावर तीन बैठका घेतल्या. पहिली पार फसली. दुसरी बरी झाली. तिसरीत लोकांनीच मला गप्प बसवलं, म्हणजे ती चांगली झाली. कुणाला आपल्या गावात अशी बैठक घ्यायची असेल, तर माझ्या चुका आधी वाचून घ्या.

पहिल्या वेळी मी बाहेरून एक वक्ते बोलावले. त्यांनी भिंतीवर इंग्रजी आकृत्या दाखवल्या आणि पाऊण तास "शंभर टक्के सुरक्षित" हे तीन शब्द इतक्या वेळा म्हटले की मागच्या रांगेतली माणसं मोजायला लागली. मग एकजण उठला, "कैगा कर्नाटक सरकारनं आणलाय, मग त्यात काहीतरी काळंबेरं असणारच." दुसरा म्हणाला, "अरे, कारवार आपल्या घोषणेत आहे की! बेळगाव-कारवार-निपाणी म्हणतोस आणि कैगा त्यांचा कसा?" तिसऱ्यानं विचारलं, "म्हणजे कारवार महाराष्ट्रात गेलं की अणुभट्टी सुरक्षित होणार काय?" सगळे हसले, आणि बैठक सीमाप्रश्नावर गेली ती रात्री दहाला संपली.

पण त्या तिसऱ्या माणसानं नेमकं बोट ठेवलं होतं. आमच्याकडं "भट्टी कशी आहे?" याच्या आधी "भट्टी कुणाची आहे?" हा प्रश्न येतो. (खरं म्हणजे कैगा ना बेंगळूरूचा ना मुंबईचा, तो केंद्र सरकारच्या कंपनीचा, न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचा. जैतापूरची जमीनही तिच्याचसाठी घेतलेली.) म्हणून हा "कुणाची" आधी बाहेर काढून टाकायचा. दाबून ठेवला तर तो मधेच फुटतो. मी आता सुरुवातीलाच वीस मिनिटं देते: ज्याला ज्या पक्षावर, ज्या सरकारवर राग काढायचाय, त्यानं काढून घ्यावा.

राग काढून झाला की मी पक्षांचा हिशेब वाचून दाखवते, आणि तो कुणालाच आवडत नाही. तुम्हीही तयार करा, एका कागदात बसतो. 2010 मध्ये अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा झाला तेव्हा भाजप विरोधी बाकांवर होता. यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरता आलं पाहिजे, असा त्याचा आणि डाव्यांचा आग्रह होता. डिसेंबर 2025 मध्ये भाजपच्याच सरकारनं नवा कायदा आणून पुरवठादाराची ती जबाबदारी काढली, खाजगी कंपन्यांना दार उघडलं, आणि या वेळी विरोध काँग्रेसनं केला, जिनं अमेरिकेबरोबरच्या अणुकरारासाठी 2008 मध्ये आपलं सरकार पणाला लावलं होतं. तामिळनाडूत जयललितांच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2011 मध्ये लोकांची भीती जाईपर्यंत कुडनकुळम अणुकेंद्राचं काम थांबवा असा ठराव केला. 18 मार्च 2012 ला तिकडं एका पोटनिवडणुकीचं मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच मंत्रिमंडळानं कामाला हिरवा कंदील दाखवला. जैतापूरला शिवसेनेचा विरोध होता आणि मित्रपक्ष भाजप प्रकल्पाच्या बाजूनं. दोघं एकाच सरकारात मांडीला मांडी लावून बसले. आणि आमच्या कर्नाटकात ज्ञानपीठ मिळालेले शिवराम कारंत, वयाच्या सत्त्याऐंशीच्या आसपास, कैग्याला विरोध म्हणून 1989 मध्ये लोकसभेला उभे राहिले. पडले. ते नाव घेतलं की कन्नड शाळेत शिकलेली पोरं मान वर करतात, कारण त्यांच्या पुस्तकात कारंत असतात, पण हे नसतं.

हे वाचलं की देऊळ जरा शांत होतं. पक्षांकडून सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळणार नाही हे लोकांना मनातून ठाऊकच असतं, फक्त ते तारखांसकट ऐकलेलं नसतं.

मग जमिनीवर नकाशा काढायचा. खडूनं, आणि मोठा. एक वीत म्हणजे 10 किलोमीटर धरा. कैगा खाली काढा. तिथून सरळ रेषेत खानापूर साडेआठ वितींवर येतं, बेळगाव अकरा वितींवर. पश्चिमेला जैतापूरजवळचं माडबन. बेळगावापासून पंधरा विती, निपाणीपासून साडेअकरा. आता कैग्याभोवती दीड वितीचं वर्तुळ काढा. भारतात आणीबाणीचं नियोजन ज्या 16 किलोमीटरसाठी करत आलेत, ते हे. त्याच्याबाहेर दोन वितींचं वर्तुळ: जपानच्या फुकुशिमात 2011 मध्ये अणुअपघात झाल्यावर लोकांना बाहेर काढलं ते 20 किलोमीटर. तीन विती: 1986 च्या अणुअपघातानंतर चेर्नोबिलभोवती रिकामे केले ते 30 किलोमीटर.

इथं लोक सुस्कारा सोडतात, आपण लांब आहोत. सोडू द्या. पण लगेच चौथी वीत मोजा आणि तिथं एक खूण करा. फुकुशिमापासून सुमारे 40 किलोमीटरवर इताते नावाचं गाव होतं, सगळ्या वर्तुळांच्या बाहेर. वारा त्या दिशेला होता, वर पाऊस-बर्फ पडलं, आणि ते गाव नंतर रिकामं करावं लागलं. वर्तुळ कंपासनं काढता येतं, वारा कंपास बघत नाही. तरीही चार विती आणि अकरा विती यांत फरक आहे, तोही प्रामाणिकपणे सांगायचा. बेळगावात बसून मल्लापूरच्या माणसाएवढी भीती वाटून घेणं हे खरं नाही, आणि मल्लापूरच्या माणसाला "काही होत नाही" सांगणं आपल्याला शोभत नाही.

आता भट्टीत होतं काय, हे सांगायचं. ऊस पिकवणाऱ्यांसमोर हे सोपं आहे. गुऱ्हाळात जळण घालायचं बंद केलं तरी चुलवाण तासन्‌तास तापलेलं राहतं. काहिलीत रस नसेल तर काहील करपते. अणुभट्टीत तसंच. अणू फुटत राहण्याची साखळी क्रिया थांबवणं सोपं असतं, नियंत्रक दांडे आत पडले की ती काही सेकंदांत थांबते. पण इंधनात तयार झालेले पदार्थ स्वतःच उष्णता देत राहतात: बंद केल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के, मग ती हळूहळू उतरत जाते, पण दिवस न्‌ दिवस पाणी फिरवत राहावंच लागतं. फुकुशिमाच्या भट्ट्या 11 मार्च 2011 च्या भूकंपात व्यवस्थित बंद झाल्या होत्या. नंतर आलेल्या लाटेनं डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले आणि चुलवाण आपल्या आपण पेटत राहिलं. हे सांगून झालं की मी विचारते, मग आपण कैग्याला काय विचारायचं? मागच्या वेळी नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, करंट गेला तर पाणी कोण फिरवणार?" माझ्या 31 वर्षांत इतका नेमका प्रश्न मला थोड्याच वेळा आला.

किरणांचं माप सांगताना आकडे फळ्यावर लिहू नका. मी एकदा लिहिले, मिलिसिव्हर्ट म्हणताना माझीच जीभ वळेना. आमचा भाताचा मुलूख, तेव्हा तांदूळ आणा. एक मिलिसिव्हर्ट म्हणजे एक मापटं धरा. जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून प्रत्येकाला दर वर्षी मिळतात ती जगाच्या सरासरीनं अडीच मापटी, ठिकाणाप्रमाणं कमी-जास्त. छातीचा एक्स-रे: मूठभर, तेवढंही नाही. पोटाचा सीटी स्कॅन: जवळजवळ पायलीभर, म्हणजे आठ मापटी. अणुकेंद्रामुळं आसपासच्या माणसाला वर्षाला जास्तीत जास्त किती मिळावं याची मर्यादा: एक मापटं. तिथं काम करणाऱ्याला: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला वीस मापटी, म्हणजे अडीच पायली. परातीत हे ढीग शेजारी शेजारी घातले की बायका पुढं येऊन बघतात. आमच्या शेजारच्या वैनींचा गेल्या वर्षी दोनदा स्कॅन झालेला, त्या ढिगाकडं बघून म्हणाल्या, "मग मीच कैगा की वो!"

हसू झालं की एक गोष्ट सांगायला विसरू नका, नाहीतर तुम्ही दिशाभूल केलीत. पायलीभर तांदूळ वर्षभरात खाणं वेगळं आणि एका ताटात खाणं वेगळं. चेर्नोबिलला 1986 मध्ये आग विझवायला गेलेल्यांनी आणि तिथल्या कामगारांनी पोतीच्या पोती एका रात्रीत घेतली. त्यांतले 28 जण काही महिन्यांतच गेले. आणि आसपासच्या मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः दुधातून. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गवत गाईनं खाल्लं, दूध मुलांनी प्यालं. ते आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे काही आठवडे दूध बंद ठेवलं असतं तर पुष्कळ मुलं वाचली असती. डेअरीला दूध घालणाऱ्या गावात हे वाक्य सावकाश बोला.

यानंतर खेळ. दोन चिठ्ठ्या करायच्या.

एकीवर लिहायचं: 13 मे 1994, कैग्याची पहिली भट्टी बांधत असताना तिच्या आतल्या घुमटाचं काँक्रीट कोसळलं. आत इंधन भरलेलं नव्हतं, म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. कामगार जखमी झाले, आराखडा पुन्हा तपासावा लागला. दुसरीवर: 13 मे 2016, तीच पहिली भट्टी सुरू झाली ती 31 डिसेंबर 2018 पर्यंत न थांबता 962 दिवस चालली, तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. तारीख तीच, भट्टीही तीच, हे मला जुळवावं लागलेलं नाही. पहिली चिठ्ठी प्रकल्पाच्या बाजूच्या माणसानं वाचायची, दुसरी विरोधकानं, आणि दोघांनीही ती आपलीच बाजू असल्यासारखी समजावून सांगायची. माझ्या मामेभावाला मी हेच करायला लावलं होतं. त्याच्या ओळखीचा मच्छीमार एप्रिल 2011 मध्ये साखरी नाट्याच्या गोळीबारात गेला. अणुभट्टीबद्दल चांगलं एक वाक्य तो उच्चारणार नाही असं मला वाटलेलं. 962 दिवसांची चिठ्ठी त्यानं नीट वाचली, आणि शेवटी म्हणाला, "चालवायला येतं त्यांना. विचारायला येत नाही आमाला."

त्याचं हे म्हणणं मी वहीत लिहून ठेवलंय. कारण जैतापुरात आधी आहे जमीन आणि मासा, किरण त्यानंतर. सहा भट्ट्या, मूळ आराखड्यात प्रत्येकी 1650 मेगावॉट, 9900 मेगावॉटचा प्रकल्प, आणि अजून एकही उभी नाही. कैग्यात 220 मेगावॉटच्या चार उभ्या आहेत आणि 700 च्या आणखी दोन व्हायच्या आहेत. एकीकडं न झालेल्या गोष्टीची भीती, दुसरीकडं झालेल्या गोष्टीची सवय. सवय झालेली माणसं प्रश्न विचारत नाहीत, म्हणून मला मल्लापूरची जास्त काळजी वाटते.

सवयीवर एक गोष्ट आहे. नणंदेचा मुलगा तिथं कंत्राटावर फिटर. छातीला बिल्ला लावतो, तो किती किरण घेतले ते नोंदवतो, लघवीही तपासतात. नोव्हेंबर 2009 मध्ये याच लघवीच्या तपासणीत पन्नासहून जास्त कामगारांत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, सापडलं. आतल्याच कुणीतरी भट्टीत वापरायचं ट्रिटियम असलेलं जड पाणी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये मिसळलं होतं. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामी, ते माझ्या आधीचं. आता कूलरला कुलूप असतंय." बैठकीत मी ही गोष्ट दोन्ही अंगांनी सांगते: तपासणी होती म्हणून सापडलं, आणि काँक्रीटच्या भिंती कितीही जाड केल्या तरी कूलरपाशी माणूसच उभा असतो.

आता प्रश्न कुठं न्यायचे ते. बैठक चहावर संपली तर घरी जाताना लोक म्हणतात, बाईंनी छान सांगितलं. तेवढ्यासाठी पाय दुखवू नका. कागद हवा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि सुरक्षेवर नजर ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ (1983 चं) ही दोन्ही केंद्राची, त्यांना ऑनलाइन अर्ज करता येतो. आणीबाणीत गावं रिकामी करायचा आराखडा मात्र जिल्हा प्रशासनाकडं, म्हणजे कारवारला. तो अर्ज राज्याच्या नियमानं, एकाच विषयावर आणि 150 शब्दांत. आमची खरी गंमत भाषेची. कायद्यात अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे खानापुरातून कन्नड चालतं, मराठी चालत नाही. माझी एक विद्यार्थिनी कन्नड चांगलं लिहिते, तिच्याकडून लिहून घेतलं. रागवायचं असेल तर नंतर रागवा, आधी अर्ज जाऊ दे. जैतापूरचा अर्ज माहेरच्या भाच्यानं तिकडूनच मराठीत टपालानं टाकला. घर एकच, दोन भाषांतले दोन अर्ज.

अर्जात मत विचारायचं नाही. "कैगा सुरक्षित आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "होय" येईल आणि 10 रुपये गेले. कागद मागायचा: शेवटचा बाहेरच्या गावांचा आणीबाणी सराव कुठल्या तारखेला झाला, कुठली गावं होती, अहवालाची प्रत. परिसर सर्वेक्षण प्रयोगशाळेनं दूध, मासे, पाणी तपासलं त्याचे मागच्या पाच वर्षांचे आकडे. किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवणाऱ्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या कुठं ठेवल्यात आणि किती. वर सुपा धरण आहे, खाली कद्रा. वरच्या धरणाला काही झालं तर केंद्राच्या आवारात पाणी किती चढेल याचा अभ्यास. शेवटच्या प्रश्नाला सुरक्षेचं कारण देऊन नकार येऊ शकतो. माझ्या एका अर्जाला एका कार्यालयातून तसाच आला, दोन ओळींचा, सही वाचता न येणारी. अपील केलंय.

नवा प्रकल्प येणार असेल तर जनसुनावणी चुकवू नका. कैग्याच्या पाचव्या-सहाव्या भट्टीची डिसेंबर 2018 मध्ये झाली. निदान 30 दिवस आधी जाहीर करावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, आणि तुम्ही जे बोलता ते इतिवृत्तात आलं पाहिजे. म्हणून लिहून न्या, वाचा, आणि प्रत देऊन पोच घ्या. तोंडी बोललेलं टाळ्यांत जातं.

तिसऱ्या बैठकीत माझी फजिती झाली ती अशी. मी फुकुशिमाचं सांगत होते: दीड लाखांवर माणसं घरं सोडून गेली, आणि किरणांनी जेवढी गेली त्याहून कितीतरी जास्त त्या धावपळीत, आश्रयकेंद्रांत, औषधाविना गेली, दोन हजारांहून जास्त, बहुतेक म्हातारी. तेवढ्यात मल्लापूरहून आलेल्या माझ्या नणंदबाई उठल्या. वय एकाहत्तर. म्हणाल्या, "तू विती मोजलीस, तांदूळ मोजलास. आता मला रस्ता सांग. आषाढात भोंगा वाजला, घाटात दरड आली, तर मी कुठल्या रस्त्यानं जायचं? आणि म्हशी सोडायच्या का बांधून ठेवायच्या?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर हमरस्त्यावर आला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. फुकुशिमात 20 किलोमीटरच्या आत राहिलेली जनावरं शेवटी मारून टाकायचा हुकूम निघाला होता, हे मला ठाऊक होतं, पण वन्संना म्हशीबद्दल ते सांगायची हिंमत झाली नाही.

मग देवळात बसलेल्यांनीच कागद मागितला. ट्रक चालवणाऱ्या एकानं मल्लापूरहून बाहेर पडायचे रस्ते सांगितले, पावसाळ्यात कुठला किती दिवस बंद होता ते तिथल्या तिथं लिहिलं. कुणीतरी म्हणालं, नकाशावर रस्ते लाल खडूनं काढा. लाल खडू नव्हता, कुंकवानं काढले. तो प्रश्न वन्संच्या नावानं, वन्संच्याच शब्दांत, म्हशींसकट, कन्नडमध्ये कारवारला गेलाय. 143 शब्द झाले.

तुम्ही बैठक घ्याल तेव्हा लाल खडू आठवणीनं आणा. देवळाच्या फरशीवरचं कुंकू पुजाऱ्याला दोन दिवस पुसावं लागलं आणि तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.